बाइकचा पुढचा टायर लाटांसारखा झिजतो? आधी कोनसेट बघा

जळगाव-चोपडा रस्त्यावर हँडल थरथरायचं. पुढच्या टायरवर हात फिरवला की गोट्या (रबराचे उंच ठोकळे) करवतीसारख्या लागायच्या. रिम सरळ केली, टायर बदलला. नवाही तसाच झिजला. फार वैताग आला.

दोष कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा होता. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्कचे (चाक धरणाऱ्या पुढच्या शॉकअपचे) पाय पुढे-मागे हलवा. टक्‌टक् झालं तर सेट ढिला आहे. हँडल मधोमध अडकलं तर बेअरिंगचे छर्रे बसतात त्या वाट्यांना खड्डे पडलेत. मग अख्खा सेट बदला, नुसते छर्रे नकोत. त्यानंतर फोर्क ऑइल, दोन्ही पायांत सारखं.

टायर शेवटी: साइज मॅन्युअलचीच, बाण फिरण्याच्या दिशेला, तारीख बघून (२३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा). हवा सकाळी, थंड टायरमध्ये. माझ्या १०० सीसीला पुढे २५ पीएसआय. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून आपल्याकडे हवा कमी ठेवतात. उलट त्यानेच टायर जास्त तापतो, कडा झिजतात.