माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देताना या चुका टाळा

पहिला दमदार पाऊस झाला की मत्स्यबीज केंद्रांवर लगबग सुरू होते, आणि दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: "डोस बरोबर दिला, तरी मादीने अंडी सोडली नाहीत." बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं. माशाच्या मेंदूत काय चालतं याचा विचार न करता सुई टोचलेली असते.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक सुटतं. त्याचा हुकूम मिळाला की मेंदूच्या खालची पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही प्रजननाची दोन संप्रेरकं रक्तात सोडते. मासा, बेडूक, कोंबडी, गाय, माणूस, सगळ्यांत ही साखळी मूळची एकच. रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांच्या अंड्यांत बलक भरायला काही महिने लागतात. ते काम तळ्यात नीट होतं. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. नदीला पूर येतो तसं वाहतं पाणी तळ्यात मिळत नाही, म्हणून अंडी पक्व करून सोडायला लावणारी एलएचची लाट उठत नाही. इंजेक्शन एवढीच उणीव भरून काढतं.

म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तयार नसलेल्या मादीला टोचणं. बलक भरलेलाच नसेल तर कितीही डोस द्या, अंडी पक्व होणार नाहीत. मादी हातात घ्या. पोट मऊ आणि फुगीर लागलं पाहिजे, जननछिद्र सुजल्यासारखं, लालसर दिसलं पाहिजे. नुसत्या पोटाच्या आकारावर मात्र जाऊ नका. पोटभर खाल्लेली मादीही तशीच दिसते. नराच्या छातीच्या परावरून बोट फिरवा, खरखरीत लागेल. पोट हलकेच दाबलं की दुधासारखा मिल्ट, म्हणजे नराचं वीर्य, येईल. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क आणि ओव्हाप्रिमसारखं तयार औषध एकच समजणं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं ते पियुषिकेच्या अर्काने. (१० जुलैला आपण मत्स्यशेतकरी दिन साजरा करतो तो याचसाठी.) अर्कात एलएच आयतं असतं. म्हणून काढलेली ग्रंथी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा आणि एका दिवसाने अल्कोहोल बदला. ग्रंथीत पाणी राहिलं की अर्काचा जोर जातो. तयार औषध मात्र माशाच्या स्वतःच्या पियुषिकेला कामाला लावतं.

कार्पच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे, तो डोपामाइनचा. मेंदूतून येणारं डोपामाइन हे रसायन एलएचला सतत ब्रेक लावत असतं. नुसतं जीएनआरएच टोचणं म्हणजे ब्रेक दाबून ठेवून गाडी रेटणं. म्हणून ओव्हाप्रिमच्या १ मिलिलिटरमध्ये सॅल्मनच्या जीएनआरएचवर बेतलेला २० मायक्रोग्रॅम घटक असतो आणि ब्रेक सोडायला १० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन, म्हणजे डोपामाइनला अडवणारं औषध. बऱ्याच समुद्री माशांत हा ब्रेक इतका कडक नसतो. तिथला अनुभव रोहूला लावू नका.

विद्यार्थ्यांसाठी एक सांगतो. माणसात जीएनआरएच पियुषिकेपर्यंत जातं ते खास रक्तवाहिन्यांतून. हाडं असलेल्या बहुतेक माशांत मेंदूतले चेतातंतू थेट ग्रंथीत शिरतात. परीक्षेत माणसाची आकृती काढून खाली मासा लिहिलेला हमखास दिसतो.

आणि अंडी आली नाहीत म्हणून चार तासांत दुसरा डोस देऊ नका. ओव्हाप्रिम दिल्यावर साधारण ८ ते १४ तास लागतात, पाणी थंड असेल तर आणखी वेळ. आधी थर्मामीटर पाहा. पाणी २६ ते ३१ अंश सेल्सिअस हवं. त्याच्या खाली असेल तर थांबा, पाणी खेळतं ठेवा आणि मादीला पुन्हा पुन्हा जाळ्यात धरू नका.