निधीचा प्रस्ताव तज्ज्ञाकडून विनामूल्य लिहून घेताना : विदर्भातील लहान संस्थांसाठी

कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागाकडून 'आठ दिवसांत प्रस्ताव पाठवा' असा निरोप आला, की तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या लहान संस्थेत बहुधा एकच गोष्ट घडते. सचिव कुणाचा तरी जुना प्रस्ताव मिळवतात, त्यातील गाव आणि रक्कम बदलतात व शेवटच्या रात्री तो कसाबसा पाठवून देतात. असा प्रस्ताव परत येतो तेव्हा संस्थेचे काम कमी पडलेले नसते. ते काम दूरच्या माणसाला समजेल अशा रीतीने मांडणारा कुणी संस्थेजवळ नसतो. प्रस्तावलेखन हे वेगळे कौशल्य आहे आणि पैसे देऊन ते मिळवणे लहान संस्थेला परवडत नाही, पण ते विनामूल्य मिळू शकते. ती मदत कोठे मागावी, त्याआधी काय तयार ठेवावे आणि मदत करणाऱ्याकडून कोणते काम घ्यावे व कोणते घेऊ नये, ते येथे सांगितले आहे. उदाहरणे बहुतेक पूर्व विदर्भातील आहेत, कारण माझा वावर त्या भागात अधिक आहे.

सुरुवात फायलीपासून करावी. कितीही निष्णात लेखक मिळाला तरी कागद अपुरे असतील तर त्याचे श्रम वाया जातात. महाराष्ट्रातील बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते : १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली. ही दोन्ही प्रमाणपत्रे, धर्मादाय कार्यालयातून घेतलेला परिशिष्ट एकचा (विश्वस्तांची नावे असलेल्या नोंदीचा) ताजा उतारा, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, आयकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि सीएसआर निधी हवा असेल तर सीएसआर-१ नोंदणीचा क्रमांक एकत्र ठेवावा. आयकराच्या नोंदणीला २०२१पासून मुदत असते, त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता तारीख तपासावी. जी संस्था कंपनीने किंवा शासनाने स्थापन केलेली नाही, तिच्याकडे सीएसआर निधीसाठी प्रस्तावातील कामासारख्याच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. म्हणून दोन वर्षांच्या संस्थेने सीएसआरच्या मागे धावण्यापूर्वी एखाद्या ज्येष्ठ संस्थेबरोबर काम करणे शहाणपणाचे ठरते.

परिशिष्ट एकचा उतारा मुद्दाम वाचून पाहावा, नुसता फायलीत लावू नये. मी पाहिलेल्या एका संस्थेच्या उताऱ्यावर चार वर्षांपूर्वी वारलेल्या अध्यक्षांचे नाव तसेच होते. नव्या अध्यक्षांची निवड सभेत रीतसर झाली होती, इतिवृत्तात सह्याही होत्या, पण ९० दिवसांत दाखल करावयाचा बदल अर्ज कुणी दाखलच केला नव्हता. तलावाच्या कामाचा प्रस्ताव उत्तम होता, कंपनीचा अधिकारी तलाव पाहून समाधानाने परतला होता, आणि कागदपत्रांच्या छाननीत सगळे थांबले. विश्वस्त मंडळात बदल झाला असेल आणि अर्ज प्रलंबित असेल, तर अर्जाची पोच जोडून तसे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. लपवल्यास ते नंतर निघतेच.

आता मदत कोठे मिळते ते पाहू. सर्वांत जवळची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे आपल्याच तालुक्यातील निवृत्त माणसे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला लेखाधिकारी अंदाजपत्रक असे मांडतो की त्यावर शंका काढायला जागा उरत नाही, आणि निवृत्त बँक अधिकाऱ्याला कर्जाचे शेकडो प्रस्ताव तपासल्यामुळे वाचणाऱ्याची नजर कोठे अडते हे ठाऊक असते. त्यानंतर समाजकार्य महाविद्यालये येतात. नागपुरातील तिरपुडे आणि मातृसेवा संघ यांच्यासारख्या समाजकार्य शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून क्षेत्रकार्य करावे लागते. त्या विद्यार्थ्यांकडून संपूर्ण प्रस्ताव लिहून घेण्याची अपेक्षा धरू नये. गावाचे पायाभूत सर्वेक्षण त्यांच्याकडून घ्यावे आणि त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना मसुदा तपासण्याची विनंती करावी.

नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक तुमच्यासाठी प्रस्ताव लिहीत बसणार नाहीत, पण पाणलोट, वाडी (फळबाग) किंवा बचत गटांच्या उपजीविकेसंबंधी कोणत्या योजनेत तुमचे काम बसते आणि तिचा नमुना कसा असतो, हे ते सांगू शकतात. त्या एका भेटीने महिनाभराची वणवण वाचते. इंग्रजी मसुद्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक विभागाची ऑनलाइन सेवा आहे, जिच्यावर संस्थेला लेखन, संपादन, भाषांतर अशी कामे विनामूल्य मागता येतात. टाटा समूहाच्या प्रोएंगेज उपक्रमात कर्मचारी आपल्या मोकळ्या वेळात काही महिने सामाजिक संस्थेचे एखादे ठरावीक व्यावसायिक काम करून देतात. अशा ठिकाणी निवड व्हायला वेळ लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

एका बाबतीत सावध राहावे. 'निधी मिळवून देतो, मंजूर रकमेच्या दहा टक्के द्या' किंवा 'फाइल पुढे सरकवण्यासाठी आधी एवढे भरा' असे सांगणारे लोक जिल्ह्याच्या ठिकाणी हमखास भेटतात. टक्केवारीवर काम करणारा माणूस मदतनीस नव्हे. मंजूर निधी ठरलेल्या कामासाठी असतो. त्यातून दिलेली दलाली लेखापरीक्षणात कोठेही बसत नाही आणि ती वसूल करण्यासाठी पुढे खोटी बिले करावी लागतात. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावावे.

मदत मागताना 'आमच्या संस्थेला सहकार्य करावे' असे मोघम पत्र लिहू नये. काम किती, केव्हापर्यंत आणि आपण काय देणार, हे त्यात असावे. उदाहरणार्थ : "आमच्या संस्थेस एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पुनरुज्जीवनाचा सुमारे दहा पानांचा प्रस्ताव ऑक्टोबरअखेर तयार करावयाचा आहे. सर्वेक्षणाची आकडेवारी, दरपत्रके आणि मराठी मसुदा आम्ही देऊ. आपणाकडून मसुद्याची फेरमांडणी आणि इंग्रजी रूपांतर अपेक्षित आहे. त्यासाठी अंदाजे तीस तास लागतील. संस्थेच्या सहसचिव शनिवार-रविवारी आपल्या प्रश्नांना उत्तरे देण्यास उपलब्ध राहतील." या पत्रातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. फुकट मदत बहुतेक वेळा बिनसते ती मदत करणाऱ्याच्या प्रश्नांना आठ-आठ दिवस उत्तर मिळत नाही म्हणून. संस्थेतील एका माणसाचा वेळ या कामासाठी आधीच राखून ठेवावा.

मदतनीस ठरला की त्याला शक्यतो गावात आणावे. दूरच्या शहरातला असेल तर व्हिडिओ कॉलवर तरी तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) फिरवावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव ज्याने पाहिलेले नाहीत, तो 'तलाव' या शब्दाने शहरातील बागेजवळचे पाणी डोळ्यांसमोर आणतो. त्याला तुडुम (पाणी सोडण्याची मोरी) दाखवावे, गाळ कोठवर आला आहे ते दाखवावे, बेशरम या झुडपाने व्यापलेला काठ दाखवावा आणि ढिवर समाजातील मासेमारी करणाऱ्या बायांशी बोलू द्यावे.

याचा परिणाम प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात दिसतो. संस्थांचे मसुदे साधारणपणे असे असतात : "आमच्या भागात पाण्याची भीषण समस्या असून जनता त्रस्त आहे. महिलांचे सक्षमीकरण ही काळाची गरज आहे." ही वाक्ये महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला चालतील, म्हणून ती कोणत्याच गावाची नाहीत. त्याऐवजी असे लिहिता येईल, आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत : "तलावाचा सुमारे एकतृतीयांश भाग बेशरम आणि गाळाने व्यापला आहे. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या ४२ सभासद कुटुंबांना पूर्वी वर्षातील सात महिने मासेमारी मिळे, आता चार महिने मिळते. उरलेल्या काळात यांपैकी २६ कुटुंबांतील माणसे मजुरीसाठी गाव सोडतात. ही गणना संस्थेने घरोघरी जाऊन केली असून यादी सोबत जोडली आहे." वाचणाऱ्याला प्रश्न, माणसे आणि पुरावा एकाच ठिकाणी मिळतो. असा परिच्छेद व्यावसायिक लेखक रचू शकतो. त्यातले ४२ आणि २६ मात्र तो आणू शकत नाही. ते गावातच मोजावे लागतात.

शासकीय आकडे वापरताना ते कोणत्या पातळीचे आणि कोणत्या वर्षाचे आहेत, ते लिहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे जिल्ह्यांचे आहेत, ते आपल्या गावाला चिकटवू नयेत. गडचिरोली आणि वाशीम हे केंद्र सरकारच्या आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत आहेत. तेथील संस्थांनी ते नमूद करावे, कारण अनेक कंपन्या त्याकडे लक्ष देतात. खाणींचा जिल्हा असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीचाही विचार करावा. कंपनी कायद्याच्या कलम १३५मध्ये कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, त्यामुळे वेस्टर्न कोलफील्ड्स किंवा मॉईल यांच्यासारख्या नागपुरात मुख्यालय असलेल्या कंपन्यांकडे जाताना आपले गाव त्यांच्या खाणींपासून किती अंतरावर आहे, हे पहिल्या पानावर असावे.

अंदाजपत्रक मदतनिसाच्या लॅपटॉपवर जन्मू नये. जेसीबीचा तासाचा दर, ट्रॅक्टरच्या खेपेचा दर, मजुरी आणि मत्स्यबीजाचा भाव हे तालुक्याच्या बाजारातील दरपत्रकांवरून घ्यावेत. गाळ शेतकरी स्वतःच्या खर्चाने वावरात नेणार असतील तर त्या खेपा लोकसहभाग म्हणून रुपयांत दाखवाव्यात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या शासकीय योजनेतून त्याच तलावात काम झाले असेल किंवा होणार असेल, तर कोणता खर्च कशातून हे वेगळे लिहावे. समन्वयकाचे मानधन, त्याच्या मोटारसायकलचे पेट्रोल आणि लेखापरीक्षकाचे शुल्क संस्था संकोचाने वगळतात. मग दुसऱ्या वर्षी समन्वयक काम सोडून जातो. 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही' असे सरसकट सांगितले जाते, परंतु ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्प व्यवस्थापनासाठी नाही. कंपनीचे स्वतःचे धोरण याहून कडक असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. पण न विचारता स्वतःचे पोट मारू नये. परदेशी निधीचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी असल्याखेरीज किंवा पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये, आणि तेथे प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२०पासून वीस टक्के आहे.

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा आहे, पण प्रस्ताव तेथेच अडतो. मामा तलाव बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात आणि मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. दोघांचीही ना हरकत पत्रे आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. काम सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात असेल तर ग्रामसभेला केवळ ठरावापुरते मोजू नये. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाल्यापासून गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहतात; तेथे ग्रामसभा ही प्रकल्पाची भागीदार असते आणि प्रस्तावात तसेच लिहिले पाहिजे.

इंग्रजी मसुदा तयार झाल्यावर तो कार्यकारिणीच्या बैठकीत मराठीतून मोठ्याने वाचून घ्यावा. हे टाळू नये. एका प्रस्तावात 'पाळीची दुरुस्ती' याचे इंग्रजीत 'धरणाचे बांधकाम' झाले होते, आणि कंपनीने पाटबंधारे खात्याची तांत्रिक मंजुरी मागितली. व्यावसायिक लेखकाची दुसरी सवय म्हणजे आकडे गोल करून फुगवणे. ४२ कुटुंबांचे '५०० लाभार्थी' होतात, वाक्य भारदस्त दिसते आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर ५०० नावांची यादी मागितली जाते. ती यादी लेखकाला द्यायची नसते, संस्थेच्या सचिवांना द्यायची असते. म्हणून शेवटचा मसुदा, पासवर्ड आणि पाठवण्याचे बटण संस्थेच्याच हातात असावे.

प्रस्ताव नामंजूर झाल्यास आठवडाभरात नम्रपणे कारण विचारावे. सगळे सांगत नाहीत, पण जे सांगतात त्यांचे एक वाक्य पुढच्या मसुद्याला उपयोगी पडते, आणि ते मदतनिसालाही कळवावे. संस्थेचा परिचय, विश्वस्तांची माहिती, मागील कामे आणि सर्वेक्षणाचे तक्ते एका फोल्डरमध्ये ठेवले की दुसऱ्या प्रस्तावाला निम्माही वेळ लागत नाही.

वेळेचा हिशेब उलट्या दिशेने करावा. तलावातील मातीकाम पाणी उतरल्यावर, साधारण फेब्रुवारी ते मे या काळातच होते. त्यातही मे महिन्यात तेंदूपत्त्यामुळे मजूर मिळत नाहीत. म्हणजे करार जानेवारीपर्यंत व्हायला हवा, प्रस्ताव ऑक्टोबरअखेर जायला हवा आणि धानाची कापणी सुरू होण्यापूर्वी घरोघरची गणना संपायला हवी. मदतीचे पत्र मात्र रोवणी आटोपताच, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात टाकावे.