मलबार ग्लायडिंग फ्रॉगवर एमएस्सी प्रोजेक्ट करायचाय? आधी कॅलेंडर काढा

बेडूक कसा दिसतो ते सांगत बसत नाही. हिरवागार, बोटांमधले पडदे लालभडक, झाडावरून हातपाय पसरून ९-१० मीटर तरंगत येतो, आंबोलीचे फोटो बघूनच प्रेमात पडला असाल, मी पण तशीच पडले.

आता गोची ऐका. प्रोजेक्ट बऱ्याच ठिकाणी चौथ्या सेमला असतो, म्हणजे जानेवारी ते एप्रिल. आणि हे महाशय खाली पाण्याजवळ येतात ते पाऊस लागल्यावर, जूनमध्ये. बाकी वर्षभर वर फांद्यांमध्ये, सापडला तर नशीब. मला विषय जानेवारीत मिळाला, गाईड "छान आहे, करा" म्हणून मोकळे. फेब्रुवारीत आंबोलीला जाऊन काय बघायचं, सुकलेली डबकी? शेवटी जुने पेपर वाचून रिव्ह्यू लिहिला, अजून सलतं.

म्हणून सेकंड सेम चालू असतानाच विषय ठरवा, वनखात्याचा परवानगीचा अर्ज तेव्हाच टाका, आणि जून ते ऑगस्ट फील्डवर. डेटा आधी, सेम नंतर. गाईड "बघू पुढच्या सेमला" म्हणाले तर ऐकू नका, खरंच ऐकू नका.

आणि वीकेंडला जाऊन भागत नाही हां. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेसाचं घरटं करते, पाण्यावर आलेल्या फांदीला, आणि काही दिवसांत पिल्लं त्यातून टपाटप खाली पाण्यात पडतात, म्हणजे तुम्ही पुढच्या शनिवारी पोचेपर्यंत खेळ खलास. तिथेच मुक्काम करा, प्रत्येक घरट्याच्या फांदीला नंबर लावा, नाहीतर एकच घरटं दोनदा मोजाल.

घाबरू नका, महागडा कॅमेरा लागत नाही. हेडलॅम्प, गमबूट, वही एवढ्यावर होतं, जळवा लागतील त्या लागू देत. फक्त ओडोमॉस लावलेल्या हाताने बेडूक धरू नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

सीनियर म्हणतील जेर्डन या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञाने १८७० मध्येच वर्णन केलंय, आययूसीएनच्या (कोणत्या जाती किती धोक्यात आहेत हे ठरवणारी जागतिक संस्था) यादीत 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे फारशी चिंता नाही, असं आहे, यात नवीन काय. त्यांना विचारा, तुमच्या गावच्या तळ्यावर यंदा घरटी किती होती? आंबोलीच पाहिजे असंही नाही, तिथे फ्लॅशवाल्यांची जत्रा असते. गोव्यातल्या मुलांना तर म्हादईचं जंगल जवळ आहे, घरचं जेवण जेवून रात्री फील्डवर जाता येईल.