हेअरकॅसल बोगद्याचा इतिहास आणि त्याची भूतकथा कशी अभ्यासावी

इंग्लंडमधील ट्रेंट अँड मर्सी कालव्याचा अभ्यास करायचा असेल, तर सुरुवात स्टॅफर्डशायरमधील किड्सग्रोव्ह येथून करावी. रेल्वे स्थानकापासून थोडे चालल्यावर हेअरकॅसल टेकडीच्या पायथ्याशी दोन बोगद्यांची तोंडे शेजारी-शेजारी दिसतात. आधी पाणी न्याहाळावे. टेकडीतल्या लोहखनिजामुळे ते गंजासारखे तांबूस झालेले असते.

दोन तोंडांपैकी जुने तोंड अभियंता जेम्स ब्रिंडलीच्या बोगद्याचे. 1766 मध्ये कालव्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी पहिली कुदळ जोसाया वेजवूडने मारली; खडबडीत रस्त्यांवरून नेताना त्याची चिनीमातीची भांडी फुटत, म्हणून त्याला जलमार्ग हवा होता. ब्रिंडली 1772 मध्ये वारला आणि कालवा पूर्ण झाला तो 1777 मध्ये. सुमारे 2,630 मीटर लांबीच्या या बोगद्यात घोड्यांसाठी वाट ठेवलेली नव्हती. त्यामुळे घोडे टेकडीवरून चालवत नेत आणि नावाडी नावेवर उताणे पडून, पायांनी भिंती रेटत, काळोखातून नाव पुढे सरकवत. टेकडीवरच्या त्या रस्त्याला आजही ‘बोटहॉर्स रोड’ म्हणतात. त्यावरून एकदा तरी चालावे, कारण बोगद्याच्या लांबीचा खरा अंदाज पायांनाच येतो. अभियंता थॉमस टेलफर्डचा दुसरा बोगदा 1827 मध्ये खुला झाला. पुढे जुना बोगदा खचत गेल्याने बंद करण्यात आला.

मग दंतकथेकडे वळावे. बोगद्यात एका स्त्रीचा शिरच्छेद झाला आणि तिचे भूत तेथे वावरते, अशी ‘किड्सग्रोव्ह बोगार्ट’ची कथा सांगितली जाते, बोगार्ट म्हणजे उत्तर इंग्लंडच्या लोककथांतील उपद्रवी भूत. अशी कथा हाती आली की ती खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवून स्थळ, काळ आणि कागदपत्रे तपासावीत. या कथेचा संबंध अनेकदा ख्रिस्टीना कॉलिन्सच्या खुनाशी जोडला जातो. ही स्त्री 1839 मध्ये मालवाहू नावेतून लिव्हरपूलहून लंडनला नवऱ्याकडे निघाली होती. तिचा मृतदेह सापडला तो बोगद्याच्या बराच दक्षिणेला, रूजलीजवळ, आणि शिरच्छेदाचा तर प्रश्नच नव्हता. दोन नावाड्यांना 1840 मध्ये स्टॅफर्डला फाशी झाली. म्हणजे हेअरकॅसलची टेकडी तिने जिवंतपणी ओलांडली होती. तिचे मरण तेथे आणले ते कथेने, आणि माझ्या मते त्यामागे त्या काळोखाची नावाड्यांना वाटणारी धास्ती असावी.

म्हणून बोगदा पाहून परतू नये. रूजलीला जावे, तिचा मृतदेह ज्या पायऱ्यांवरून वर नेला त्या ‘ब्लडी स्टेप्स’ पाहाव्यात आणि सेंट ऑगस्टीन चर्चच्या आवारातील तिच्या कबरीवरचा लेख सावकाश वाचावा.