जुन्या घराची ओल अशी काढली

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं कौलारू घर भाड्यानं द्यायचं म्हणून घेतलं. आधी मालमत्ता पत्रक, वारसांची नावं आणि घरफाळ्याची थकबाकी पाहिली. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारून घेतलं. कोल्हापुरात घर घेताना हे विचाराच.

खरं दुखणं भिंतींचं होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि आधीच्या मालकानं त्यांवर मारलेला सिमेंटचा गिलावा. कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार), रंगाचे पोपडे. गवंडी म्हणाले, "वॉटरप्रूफिंगचा हात मारूया." मला पटलं नाही. जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडायला वाट हवी. सिमेंट ती कोंडतं, मग ओल आणखी वर सरकते.

उन्हाळ्यात डागांच्या हातभर वरपर्यंत सिमेंट काढलं, सांधे ब्रशनं झाडले आणि भिंती उघड्याच सुकू दिल्या. इथं घाई अजिबात करू नका. मग सांध्यांत चुना-वाळू, वर चुन्याचाच गिलावा आणि शेवटी साधी सफेदी. ऑइल पेंट नाही. मागच्या मोरीचं पाणी जोत्यात मुरत होतं, ते पाइप टाकून गटारीला जोडलं. पागोळ्या भिंतीशी पडायच्या, तिथं पन्हळ लावली. ही दोन कामं नसती तर चुन्याचा काही उपयोग नव्हता.

पावसाळ्यात भिंती कोरड्या राहिल्या, तेव्हाच भाडेकरू ठेवले. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे.