चालता चालता बंद पडणारी पद्मिनी : दोष नेमका कसा पकडावा

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, गावात झकास पळते, आणि तासाभराने घाटात अचानक गप्प. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू. जुनी प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या 1089 सीसी गाडीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्यामुळे तिची नाडी ओळखणारे मेकॅनिकही आता कमी झालेत, आणि ही तपासणी मालकाला स्वतःला आलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आमच्या 1986 च्या पद्मिनीने असेच दोन उन्हाळे काढायला लावले. खंबाटकीत बंद पडली की आम्ही एसी पंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर, ओलं फडकं टाकायचो. थोड्या वेळाने ती सुरू व्हायची. म्हणजे पंप तापून पेट्रोलची वाफ होते, असं ठरवून पंप बदलला, कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, दोनदा उघडला. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कंडेन्सरमध्ये, म्हणजे करंट तोडताना पॉईंट जळू न देणाऱ्या छोट्या डबीत. फडकं पंपावर होतं, पण तेवढ्या वेळात कंडेन्सरही गार होत होता!

म्हणून पहिला नियम: गाडी बंद पडल्यावर ती गार व्हायच्या आत, पहिल्या दोन-तीन मिनिटांत तपासा. घरी आणल्यावर सगळं ठीकच दिसणार.

डिकीत काय ठेवावं

12 व्होल्टचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी. एक जुना स्पार्क प्लग, रबरी मुठीची पक्कड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन्ही टोकांना चिमटे असलेली हातभर वायर, छोटी बाटली, नवा कंडेन्सर आणि पॉईंटचा (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणाऱ्या जोडीचा) सेट. अग्निशामक सिलिंडर हवाच.

पायरी 1 : ती कशी बंद पडली?

दिव्याचं बटण दाबावं तशी एका झटक्यात बंद पडली, तर बहुधा करंट गेला. आधी झटके मारत, दम लागल्यासारखी हळूहळू मेली, तर पेट्रोल चढत नाही. हा अंदाज आहे, निकाल नव्हे, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं. गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, गिअर काढा.

पायरी 2 : डॅशबोर्डकडे बघा

चावी चालू, इंजिन बंद. ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा लागतोय ना? दोन्ही लागत नसतील तर इग्निशन स्विच किंवा तिकडे येणारी वायर सैल आहे. चावी हलकेच हलवून बघा.

पायरी 3 : करंट

डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून तिला जुना प्लग लावा, प्लगचा धातू इंजिनाला टेकवा, पक्कडीने धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टक्‌टक् वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी म्हणजे दोष सापडायला लागला. आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर ही चाचणी मुळीच करू नका.

ठिणगी नसेल तर बल्ब काढा. त्याची एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या (बॅटरीच्या विजेतून ठिणगीचा मोठा करंट बनवणाऱ्या डब्याच्या) स्विचकडच्या टोकाला. बल्ब लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच पोचत नाही. बॅटरीच्या प्लसपासून तिथे चिमट्याची वायर जोडल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष स्विचचा किंवा वायरिंगचा. (नंतर ही वायर लगेच काढा, ती असेपर्यंत चावीने इंजिन बंद होणार नाही.) बल्ब लागला तर बल्बची तीच वायर कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावून सेल्फ मारा:

- लुकलुकतो, तरी ठिणगी नाही किंवा मरतुकडी: कॉइल किंवा कंडेन्सर.
- सतत लागलेला: पॉईंट मिटत नाहीत, मळलेत, किंवा आतली बारीक वायर तुटलीय.
- सतत विझलेला: कंडेन्सर शॉर्ट, पॉईंट उघडत नाहीत, किंवा कॉइल आतून तुटलेली.

पॉईंटचं अंतर साधारण 0.4 मि.मी. ठेवा. एका पॉईंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेकडी तयार झाली असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. तो स्वस्त आहे. संशय आला की तिथेच बदलून बघा. डिस्ट्रिब्युटरमधली पॉईंटची लवचीक वायर वरून शाबूत दिसते पण कव्हरच्या आत तुटलेली असते. ती बोटाने हळूच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

पायरी 4 : पेट्रोल

ठिणगी निळी आहे? मग कॉइलची स्विचकडची वायर काढून ठेवा, कार्ब्युरेटरला जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. प्रत्येक झटक्याला जोरदार पिचकारी आली पाहिजे. ती आली तर पुढे कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल रोखणारी) आणि जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बघा. गाडी फक्त सिग्नलला बंद पडत असेल तर आधी स्लोचा, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल देणारा जेट.

पिचकारी नसेल तर आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला आणि पेट्रोल यायला लागलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. एका टाचणीचं काम! नाहीतर पंपाची जाळी साफ करा आणि टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप वाकवून बघा. खेचणाऱ्या बाजूचा चिरलेला पाइप गळत नाही, हवा ओढतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. आताचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर आणि पंपाचा डायफ्राम लवकर खातं. इथेनॉल चालेल असेच पाइप घाला.

इतकं सगळं ठीक असेल तरच व्हेपर लॉक, म्हणजे तापून झालेल्या पेट्रोलच्या वाफेने वाट अडली, असं म्हणा. पंप आणि इंजिन यांच्यामधला उष्णतारोधक ठोकळा कोणी काढून टाकलाय का ते बघा, आणि नवा बसवताना जाडी तीच ठेवा, नाहीतर पंपाची ढकलकाठी पूर्ण काम करणार नाही. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या पाइपला चिकटून जात असेल तर दूर घ्या.

दुरुस्तीनंतर गावातली फेरी पुरेशी नाही. जिथे बंद पडायची तोच घाट, तीच भर दुपार, आणि डिकीत तीच पेटी घेऊन एकदा जाऊन या.