जलपर्णीपासून गॅस: टाकी भरण्याआधी

पवई तलावातली जलपर्णी सोसायटीच्या गोबर गॅसच्या टाकीत घालून गॅस काढायचा असेल, तर आधी कडबा कुट्टीची, म्हणजे चारा बारीक चिरणाऱ्या यंत्राची, सोय करा. टेम्पो, शेण, सगळं नंतर. मागच्या वेळी आमच्याकडे बाकी सगळं होतं, फक्त कुट्टी विसरलो. कोयत्याने हातभर तुकडे केले आणि टाकीत ढकलले. जलपर्णीचा फुगीर देठ एकदा बोटांनी दाबून बघा. स्पंजासारखा लागतो, आत नुसती हवा. तिच्या जोरावरच ती पाण्यावर तरंगते. आमचे तुकडे टाकीतही तरंगले, वर वीतभर जाड थर धरला आणि गॅस साठवणारा वरचा ड्रम त्यात रुतून बसला. तीन आठवडे राबूनही शेगडी पेटली नाही.

माल घ्यायला स्वतः पाण्यात उतरू नका, पवईत मगरी आहेत. सफाईवाल्यांनी काढून काठावर टाकलेल्या ढिगातून, पालिकेला विचारून, ताजी तेवढी उचला. ढीग बघून हुरळून जाऊ नका: 100 किलो ताज्या जलपर्णीत 90 किलोहून जास्त पाणीच असतं. टेम्पोत ताडपत्री घाला. वाटेत तुकडे पडू देऊ नका, एवढासा तुकडा पाण्यात गेला तरी नवी जलपर्णी फुटू शकते.

घरी आणल्यावर मुळं कापा. याचा कंटाळा करू नका. 1891 साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावात आता सांडपाणी येतं, आणि पाण्यातले जड धातू जलपर्णी मुख्यतः मुळांत साठवते. शिवाय मुळांचा चिखल टाकीच्या तळाशी बसतो तो वेगळाच. पाला-देठ एक दिवस पसरून कोमेजू द्या, कडक वाळवू नका.

मग कुट्टी. बोटाच्या पेरापेक्षा मोठा तुकडा टाकीत जाता कामा नये. एवढंसं चालेल, दोन-चार मोठे राहिले तर काय होतंय, असं कुणी म्हणालं तर त्याला टाकीपासून लांब ठेवा. चिरल्यावर पाण्यात कालवून मुठीने चेचा, देठातली हवा निघाली पाहिजे. हवा राहिली की तुकडा तरंगणार, तरंगला की थर धरणार.

पहिली भरणी जलपर्णीची नाही, शेणाची. आरेच्या तबेल्यातून ताजं शेण आणा, तेवढंच पाणी घाला. गॅस बनवणारे जिवाणू शेणातूनच येतात, ते विरजण आहे. सुरुवातीचा गॅस जळत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो मोकळ्या हवेत सोडून द्या. ज्योत स्थिर झाली की जलपर्णी सुरू करा, थोडी थोडी. हजार लिटरच्या टाकीला 40 दिवसांच्या हिशोबाने रोज 25 लिटर कालवण, त्याहून जास्त नाही. आंबट वास आला किंवा पीएच 6.5 च्या खाली गेला की भरणं थांबवा.

पाइपचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून नाही. सडक्या अंड्याचा वास येतो, त्यासाठी पाइपमध्ये लोखंडाचा कीस. शेगडी गोबर गॅसचीच. बाहेर पडणारी स्लरी फुलझाडांना, भाजीला नाही.

आणि कुट्टीच्या पात्याला आदल्या दिवशीच धार लावून घ्या.